भिकनच्या बोअरवरचं भरीत

माझ्या तोंडातून खरं फार कमी निघालं, हे गावात लहान पोरसुद्धा सांगेल. एकदा तापीला असा पूर आला की मासे चोपड्याच्या बाजारात स्वतः चालत आले आणि भाव विचारून परत गेले, हे मी सांगितलेलं आहे. सातपुड्यातल्या एका वाघाला माझ्या हातची भाकर आवडायची, हेही सांगितलेलं आहे. पण एका गोष्टीत मी चौऱ्याहत्तर वर्षांत खोटं बोललो नव्हतो. ती म्हणजे वांगी. भरताचं हिरवं, पांढऱ्या रेघांचं, हातात घेतलं तर तान्ह्या पोराच्या डोक्याएवढं भरणारं वांगं. झुलाल आबानं सांगितलं की कोवळं आहे, तर ते कोवळं. सांगितलं की बी जास्त आहे, तर दुसऱ्याकडून घ्या.

रतिलाल नावाचा व्यापारी माझी वांगी जळगावला नेतो. तो चारचौघांत म्हणायचा, "आबा, तुम्हनावर इस्वास नही. पन तुम्हना वांगास्वर शे."

मला ते ऐकायला बरं वाटायचं. माणसाजवळ एक तरी जागा स्वच्छ असावी.

तर ही गोष्ट गेल्या हिवाळ्यातली. माझी थोरली बहीण तानुबाई, तिला सगळा गाव अक्का म्हणतो, ती याच गावात दिलेली. तिचा मुलगा भिकन, केळीवाला. जुन्या विहिरीचं पाणी पुरेना म्हणून त्यानं नवं बोअर मारलं, सहाशे चाळीस फूट. आमच्या तापीकाठची माती अशी आहे की कितीही खाली जा, दगड लागत नाही. गाळ, वाळू, पुन्हा गाळ. साडेपाचशे फुटांवर मशीनवाल्याच्या नळीतून काळी, कुजल्या पाल्यासारखी माती वर आली. भिकननं ती चिमटीत घेऊन हुंगली आणि फेकली. पुढे पाणी लागलं. मग काळ्या मातीचं कोण लक्षात ठेवतो.

या बोअरवर सौर पंप बसला. आठ प्लेटा, खाली पेटी, आणि बोअरच्या तोंडाभोवती विटांची नवी खोली, वर पत्रे. धुळ्याच्या एका फर्मचा हितेंद्र नावाचा पोरगेला फिटर बसवायला आला होता, राहणारा नरडाण्याचा. त्यानं सोमवारी अर्धा दिवस मोटार चालवून बघितली. धो धो पाणी. पण अक्का म्हणाली, पहिलं पाणी देवीला दाखवल्याशिवाय शेतात सोडायचं नाही. गुरुवारी पूजा, आणि पूजेला सगळ्यांना भरीत. म्हणून भिकननं खोलीला कुलूप लावलं. उंदीर वायर कुरतडतात म्हणून खिडकीत पोत्यांचा बोळा कोंबला. तीन दिवस ती खोली तोंड मिटून बसली.

वांगी अर्थात माझी. चार पाट्या.

गुरुवारी सकाळी आठच्या सुमारास मी एकटाच पाट्या घेऊन गेलो. उन्हात वांग्याची साल आखडते, म्हणून खोलीत सावलीला ठेवाव्या असा विचार. किल्ली दगडाखाली असते, ती काढली, दार उघडलं. आत बोअरच्या केसिंग पाइपावर झाकण होतं, पण सैल. त्याखालून आवाज येत होता, आफरलेल्या म्हशीच्या पोटातून येतो तसा. गुडगुड, थांबणं, गुडगुड. मी उंबऱ्यावर टेकलो. डोकं जरा जड झालं.

आता इथं मला एक कबूल करावं लागतं. श्रावणात घरी कानबाई देवी बसली होती, तेव्हा अक्काच्या हातावर हात ठेवून मी बिडी सोडली होती. देवीसमोर. सोडली म्हणजे गावात सोडली. शेतात एखादी ओढत होतो.

उंबऱ्यावर बसून मी बिडी ओठात धरली आणि काडी ओढली.

आवाज मोठा नव्हता. कोणी ओलं धोतर झटकावं तसा. दाराच्या वरच्या चौकटीपासून निळी जीभ निघाली, पत्र्याखालून पळत गेली, परत आली आणि माझं तोंड चाटून विझली. मी पाठीवर पडलो होतो. बिडी गायब. दोन्ही भुवया गेल्या, आणि मिशी उजवीकडची अर्धी.

हे काय होतं ते मला तिथंच कळलं. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी मी जमिनीत गॅस शोधणाऱ्या लोकांकडे मजुरीला होतो. लांबच लांब वायरी पसरायच्या, भोकात दारू उडवायची आणि हादरे मोजायचे, असलं काम. तिथल्या मुकादमानं शिकवलं होतं की जमिनीतल्या गॅसला वास नसतो. घरच्या सिलिंडरला जो वास येतो तो माणसांनी घातलेला. बंद जागेत साठला की घर उचलतो. आणि पाणी उपसलं की जास्त वर येतो, कारण पाण्याच्या वजनानं तो दबलेला असतो.

एवढं कळूनसुद्धा मी काय केलं, तर खोलीला परत कुलूप लावलं. बिडीचा वास बाहेर पडू नये म्हणून. दार घट्ट ओढलं, किल्ली दगडाखाली, पाट्या निंबाखाली. तोंडाला माती चोळली आणि गावात आलो.

चहाच्या टपरीवर रतिलाल होता, आणखी पाचसहाजण होते.

"आबा, मिशी कथी गई?"

खरं सांगायचं तर बिडी सांगावी लागणार. बिडी सांगितली की अर्ध्या तासात अक्काच्या कानावर. माझी जीभ तर माझ्याआधीच कामाला लागलेली असते.

"काल घरना धाबावर झोपेल व्हतू," मी म्हणालो. "तारा तुटना. बठ्ठं आभाळ सोडीसन मन्हाच तोंडवरथुन गया. डावीकडनी मिशी वाचनी, कारन मी कूस बदली."

टपरी हसली. रतिलालनं चहा पाजला. म्हणाला, तारा पुन्हा आला तर त्याला सांगा, माझी दाढी वाढलीये.

मला वाटलं, दुपारी भिकनला एकांतात गाठू, खोली उघडी टाकायला लावू, बिडीचं काहीतरी दुसरंच सांगू. वेळ भरपूर आहे.

वेळ नव्हता. हिवाळ्यात ऊन लवकर कलतं, आणि प्लेटांवर ऊन नसेल तर मोटार फिरत नाही. हितेंद्रनं सांगून ठेवलं होतं, पाण्याचं जे काय करायचं ते चारच्या आत. म्हणून मी तीनला शेतात पोचलो तेव्हा सगळं मांडून झालं होतं. चाळीस-पन्नास माणसं, बायका, पोरं. सतरंज्या अंथरलेल्या. भरीत कुटायची लाकडी बडगी धुऊन उपडी घातलेली, हिरव्या मिरच्या, कांद्याची पात. आणि पऱ्हाटीचा, म्हणजे वाळल्या कपाशीच्या काड्यांचा, पुरुषभर उंच ढीग. आमच्याकडे भरताचं वांगं त्याच्याच जाळावर भाजतात. दुसऱ्या जाळाला ती चव नाही.

ढीग बोअरच्या खोलीच्या भिंतीला टेकवून रचला होता. वारा लागू नये म्हणून. बरोबर पोत्यांचा बोळा कोंबलेल्या खिडकीखाली.



भिकन मिरच्या मोजत उभा होता. मी त्याचा दंड धरला.

"भिकन, ढीग आठेथुन हालव. आनि खोलीनं दार उघड. सगळास्ले लांब बसाड."

"काब्र? काय व्हयनं?"

"बोअरमा गॅस शे."

त्यानं माझ्या मिशीकडे बघितलं. त्याच्या ओठाचा कोपरा हलला.

"मामा, सकाळे तारा पडना व्हता. आते गॅस निघना. सांजलोंग काय काय निघी?"

"ताऱ्यानं खोटं व्हतं."

"माले माहीत शे."

"मिशी गॅसनी जळनी. मी सकाळे खोलीमा गऊ, आनि..." आणि इथं मी अडलो. समोर पाच पावलांवर अक्का आरतीचं ताट लावत होती. तिचे कान अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही सशासारखे आहेत.

"आनि काय?"

"आनि भडका व्हयना. आपोआप."

"आपोआप," भिकन म्हणाला, आणि हितेंद्रला हाक मारली. "साहेब, आमना मामा सांगस, बोअरमा गॅस शे."

हितेंद्र पेटीपाशी वाकला होता. तो पोरगा चांगला, उगाच हसला नाही. "आबा, गॅस असता तर वास आला असता ना. सोमवारी मी चार तास आतच होतो."

"जमिनीतल्या गॅसला वास नसतो. कंपनीत मी कामाला होतो, तिथला मुकादम..."

मागून कोणीतरी म्हणालं, "तोच मुकादम का आबा, ज्यानं नळीले कान लाया आनि खालथुन पुऱ्या तळाना आवाज उना?"

सतरंजीवरची सगळी हसली. कारण ती गोष्टही माझीच. जमिनीत इतकं खोल भोक पाडलं की पलीकडच्या लोकांच्या स्वयंपाकाचा आवाज आला, असं मी वीस वर्षं सांगत आलोय. त्या नोकरीतली एकुलती एक खरी गोष्ट मी पुऱ्यांच्या तेलात बुडवून ठेवली होती. आता ती बाहेर काढली तर तिलाही तोच वास.

"वारा लागू द्या, एवढंच म्हणतोय," मी हितेंद्रला म्हणालो. "दार अर्धा तास उघडं ठेवा."

"अर्ध्या तासात ऊन जाईल, आबा. पूजेलाच उघडायचंय ना दार. आधी पाणी तर बाहेर येऊ द्या." आणि त्यानं बटण दाबलं.

बंद खोलीत मोटार घुमायला लागली. मी मनात मोजत होतो. पाणी उपसतंय, वरचं वजन कमी होतंय, खालचं मोकळं होतंय. बाहेरच्या हौदावर पाइप होता, तो खोकला, थरथरला आणि पाणी आलं.

पांढरं. दुधासारखं नाही, सोड्यासारखं. बुडबुड्यांनी भरलेलं, हौदात पडलं की फसफसायचं आणि मग निवळायचं.

पोरं धावली. "सोडा, सोडा," करत ओंजळी भरायला लागली. रतिलाल म्हणाला, "भिकनभाऊ, लिंबू आनि मीठ लावा, दुकान चालू करा."

"सोमवारी असं होतं का?" मी हितेंद्रला विचारलं.

तो हौदाजवळ गेला, पाण्याखाली हात धरला. "सोमवारी शेवटी शेवटी थोडं होतं. हवा ओढत असेल. निघून जाईल." पण तो परत पेटीकडे गेला नाही, तिथंच उभा राहिला.

भिकननं खिशातून आगपेटी काढली.

मी ती त्याच्या हातातून घेतली आणि हौदात टाकली.

आता कोणी हसलं नाही. पाहुण्यांसमोर मामानं भाच्याच्या हातातली वस्तू हिसकावणं ही गंमत राहत नाही. भिकन हळू आवाजात म्हणाला, "मामा, घरनं कार्य शे. खेळ पुरे." आणि रतिलालनं त्याच्यापुढे आपला लायटर धरला. पन्नास माणसांत लायटर किती असतात. एक हौदात टाकला तर दहा निघतील.

अक्कानं निरांजन लावलं. ताट उचललं.

भिकन ढिगापाशी जाऊन उकिडवा बसला, खालची एक काडी ओढून सैल करू लागला. मी त्या पोत्याच्या बोळ्याकडे बघत होतो. त्या वेळी माझ्या मनात जे आलं ते सांगतो. आयुष्यभर मी लोकांना चकवलं. त्यांनी माझ्यावर कधीच विश्वास ठेवला नाही, कारण माझ्या प्रत्येक गोष्टीत मी मोठा व्हायचो. वाघ माझ्या हातचं खायचा, तारा माझ्यावरून जायचा. मी स्वतःला लहान करणारी एकही गोष्ट कधी सांगितली नव्हती. ती जागा कोरी होती.

आणि निंबाखाली चार पाट्या होत्या.

"भिकन," मी म्हणालो, "वांगास्वर फवारा मारेल शे."

काडी त्याच्या हातातच राहिली.

"काय?"

"काल सांजले. शेंडाअळीनं औषध. आज तोडानं नव्हतं, आठ दिन थांबानं व्हतं. पन तू गावभर आवतन दिधं. मन्हाकडे वांगी नहीत असं म्हनानी लाज वाटनी. धुईसन आनात."

  एका बाईनं पाटीजवळ खेळणारं आपलं पोर दंडाला धरून ओढलं आणि त्याची बोटं पदरानं पुसायला लागली.

मुकादमाची गोष्ट मी दहा वाक्यांत सांगून कोणी मानली नव्हती. ही एका वाक्यात मानली. कोणी विचारलं नाही, खरंच का आबा. रतिलालसुद्धा नाही, ज्याचा माझ्या वांग्यांवर विश्वास होता. त्याचा चेहरा मी पाहिला आणि लगेच नजर काढली.

भिकन उठला. माझ्या सदऱ्याची कॉलर त्यानं मुठीत धरली. "पोरे खातीन म्हनीसन आनात का? लेकरे खानार व्हतात, मामा."

"व्हय."

"मन्ही माय खानार व्हती."

"व्हय."

त्यानं मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं कॉलर सोडली आणि हात धोतराला पुसला. लोक उठले. सतरंज्या तशाच, मिरच्या तशाच. बायकांनी पोरांना पुढे घातलं आणि सगळी पांदीच्या वाटेला लागली. दोघांनी जाता जाता पाट्या उचलून केळीसाठी खणलेल्या खड्ड्यात उपड्या केल्या आणि पायानं माती लोटली. एवढी चांगली वांगी मी त्या हंगामात पुन्हा तोडली नाहीत, हे सांगतो. ते खोटं नाही.

मी श्वास सोडला. जाळ पेटणार नव्हता.

तेवढ्यात पाहिलं तर अक्का ताट घेऊन खोलीकडे चालली होती. निरांजन जळत होतं, शेजारी कापराची वडी. भिकननं किल्ली आधीच तिच्या हातात दिलेली.

"अक्का, आते कथी जास? लोके गयात."

"लोके गयात. देवी गई नही." ती थांबली नाही. "तुन्हा पापना पायी देवीनं पानी काब्र अडाऊ?"

मी आडवा झालो. तिनं ताट एका बाजूनं दुसऱ्या बाजूला केलं. ज्योत आणि दार यांच्यात दहा पावलं असतील. मोटार आत घुमत होती.

"अक्का, तुन्ही आन. आत दिवा नेऊ नको."

"तुन्ही आन," ती म्हणाली. "श्रावनमा बी आन लिधी व्हती. ती कथी शे?"

म्हणजे तिला आधीपासून माहीत होतं. बायकांना कपड्यांचा वास येतो. चार महिने ती गप्प होती.

"आठेच शे," मी म्हणालो. "या उंबरावर. सकाळे बिडी पेटाडी. तुले कळू नही म्हनीसन ताऱ्यानी गोष्ट सांगी. दारले कुलूप बी मीच परत लाय, वास जाऊ नही म्हनीसन."

अक्का थांबली. दारापासून चार पावलांवर. माझ्याकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत राहिली. डावी मिशी, उजवीकडे करपलेलं खूट, भुवयांच्या जागी लाल कातडी.

"बिडीनं बोट जळस," ती सावकाश म्हणाली. "भुवया कशा जळतीन?"

मी नुसतं दाराकडे बोट केलं. आणखी बोललो असतो तर बिघडलं असतं.

तिनं निरांजनाकडे बघितलं. दिवा फुंकायचा नसतो. तिनं अंगठा आणि बोट ज्योतीत घातलं आणि वात चिमटून विझवली. मग ताट घेऊन मागे वळली आणि मुलाला म्हणाली, "भिकन, मोटार बंद कर. सगळा केळीपलाड चाला."

हितेंद्रनं बाहेरूनच मोटार बंद केली. तो अजून ते पाणी बघत होता. म्हणाला, "अक्का, मला खात्री करू द्या. लांबून."

आम्ही चौघं केळीच्या पहिल्या ओळीमागे गेलो. घडाला टेकू द्यायचे दोन लांब बांबू त्यानं तारेनं जोडले, टोकाला चिंधी बांधली, तेलात बुडवली. भिकन म्हणाला, हे कशाला, उद्या कोणाला तरी बोलावू. हितेंद्र म्हणाला, उद्या दुसरं कोणी बिडी ओढेल. पाइपलाइनसाठी खणलेली चारी होती, तिच्यात तो आडवा झाला. फक्त हात आणि बांबू वर. पेटलेली चिंधी खिडकीतल्या पोत्याला लागली. पोतं धुमसलं. काहीच झालं नाही. मी विसापर्यंत मोजले. भिकननं माझ्याकडे वळून बघितलं, आणि त्याच्या तोंडातून "मामा..." एवढंच निघालं.

मग खोलीनं पत्रे उचलले.

सगळे एकदम, टोपी काढावी तसे. दार निखळून हौदात पडलं. पऱ्हाटीचा ढीग उडून सतरंज्यांवर आला, जिथं दहा मिनिटांपूर्वी माणसं होती, आणि सतरंज्यांसकट पेटला. एक पत्रा तापी ओलांडून पलीकडे धुळ्याच्या हद्दीत पडला, असं मी पुढे सांगत असतो. खरं म्हणजे तो तीन शेतं सोडून सुपडूच्या कपाशीत सापडला. तिथं सांगायला काही घालावं लागलं नाही, तो काटकोनात वाकलेला होता.

धूर गेल्यावर दिसलं, केसिंग पाइपाच्या तोंडावर हातभर ज्योत उभी आहे. तळाला निळी, वर पिवळी. वाऱ्यानं वाकायची, परत सरळ व्हायची.

हितेंद्र चारीतून उठला. कानावर हात. त्याच्या ओठांवरून कळलं, तो म्हणत होता, "वास नव्हता. वास नव्हता."

पुढचं लवकर सांगतो. सरकारी माणसं आली, गॅस बाटल्यांत भरून नेला. आठ दिवस गाव हवेत होता. प्रत्येक चुलीला नळ येणार, सिलिंडरची रांग संपणार, भिकन विमानानं फिरणार. मग साहेबानं सांगितलं की जुन्या कुजलेल्या पाल्याच्या थरात अडकलेला थोडा गॅस आहे, यावर गावाचा चहासुद्धा वर्षभर होणार नाही. बोअर सिमेंटनं बुजवलं. प्लेटा शाबूत होत्या. हितेंद्रनं त्या जुन्या विहिरीवर जोडून दिल्या, आणि भिकनची केळी आता त्यावर आहे. ऊन असेल तेवढं पाणी. ऊन कुठून फुटत नाही, असं अक्का म्हणते.

राहिलं माझं. मला वाटलं, आता तर सगळं उघड झालं. टपरीवर जाऊन सांगितलं, फवारा मारलाच नव्हता. जाळ पेटू नये म्हणून बोललो.

रतिलालनं माझा हात धरला. डोळ्यांत पाणी. "आबा, तुम्ही फवारं म्हनीसन आम्ही वाचनूत. कबूल करं नसतं तर आज कोनी नसतं. आते कसाले नही म्हनतस?"

"अरे, फवारलंच नव्हतं."

"ऱ्हाऊ द्या. चूक मानूसकडथुन व्हस."

गावानं गोष्ट अशी जुळवून घेतली होती. झुलाल आबाला गॅसचं सगळं ठाऊक, कंपनीत होते ना ते. नुसता त्यांचा हात विषाला सैल. आता लोक मला जमिनीत काय आहे ते विचारायला येतात. बोअर मारण्याआधी काळी माती आणून दाखवतात. मी जे सांगेन ते मानतात. पुऱ्यांची गोष्टसुद्धा परवा एकानं गंभीरपणे लिहून घेतली.

आणि वांगी माझ्या बांधावर पिवळी पडली. रतिलाल पाटी उचलेना. "आबा, तुम्हनावर इस्वास शे," तो म्हणाला. "वांगास्वर नही."

संक्रांतीनंतर अक्कानं देवीचं राहिलेलं भरीत घातलं. जुन्या विहिरीपाशी, उघड्या रानात. वांगी रतिलालनं दुसऱ्या गावाहून आणली. मी माझी सहा नेली. कोणाला विचारलं नाही. एका बाजूला थोडी पऱ्हाटी पेटवली, भाजली, सोलली, दगडावर कुटली. मिरची, पात, शेंगदाणे. थाळीत घेऊन बसलो. माझ्याभोवती सतरंजी रिकामी होती, हात लांबवून झोपता आलं असतं.

मी पहिला घास घेतला. पन्नास माणसं मी पडतो का ते बघत होती. त्यात प्रेमही होतं, नाही असं नाही.

अक्का उठली. गुडघ्यावर हात टेकत आली आणि माझ्यासमोर बसली.

"माय," भिकन मागून म्हणाला. "नको."

"झुलाल," ती मला म्हणाली. लहानपणापासून तिनं मला नावानं हाक मारली म्हणजे मला पळावंसं वाटतं. "फवारं व्हतं का?"

"नही."

"बिडी?"

"बिडी आज बी पिधी."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. भुवया परत फुटत होत्या, मिशी दोन्हीकडे सारखी नव्हती. ओच्यातून तिनं आपली भाकर काढली, ज्वारी-उडदाच्या कळण्याची, पदराच्या तुकड्यात गुंडाळलेली. म्हणजे ती ठरवून आली होती. कोर तोडली, माझ्या थाळीतल्या भरतात बुडवली आणि तोंडात घातली. दात थोडेच उरलेत, वेळ लागतो. भिकन उभा राहिला होता. रतिलालनं हातातला घास खाली ठेवला.

अक्कानं गिळलं. जिभेनं हिरडी चाचपली.

"मीठ कमी शे," ती म्हणाली, आणि दुसरी कोर तोडली.